सही अडवून बसलेले सर

एक्झॉस्ट फॅनची दोन पाती घासून झाली होती, तिसरं सोड्याच्या गरम पाण्यात तेलकट काळं होऊन पडलं होतं, तेवढ्यात नणंदेचे सर दारात उभे. सोबत त्यांची सून. कोपरापर्यंत चिकट हात मी तसेच पदराला पुसले. ते जाऊन तास उलटला, पण माझी किळस जात नाही. जपालाही बसवेना, म्हणून आधी हे लिहून टाकते.

नणंदेला घरात आम्ही दुर्बीण म्हणतो, ताऱ्यांचा अभ्यास करते म्हणून. तिच्या मैत्रिणींची पोरं शाळेत जायला लागली, ही अजून विद्यार्थिनीच. शाळेनंतर भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन पदवी, त्यावर पदव्युत्तर, मग भल्याभल्यांना घाम फोडणारी प्रवेशपरीक्षा, मग पीएचडी. कम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायला शिकली ते वेगळंच. एवढं करूनही लगेच खुर्ची मिळत नाही. कुठकुठल्या वेधशाळांत दोन-दोन, तीन-तीन वर्षं उमेदवारी करायची, मग कोणी कायमचं घेतलं तर घेतलं. सासूबाई म्हणतात, एवढ्यात एखादा तारा जन्मून विझला असता. ती शांतपणे सांगते, नाही गं आई, त्याला अजून वेळ लागतो.

आता प्रबंध लिहून पुरा झालाय. दूरच्या एका वेधशाळेने तिला जागा देऊ केली आहे, पण महिनाअखेरपर्यंत प्रबंध दाखल झाला तरच. दाखल करायला मार्गदर्शक म्हणून या सरांची सही लागते, आणि ते कधीपासून आज देतो, उद्या देतो करताहेत. याच सरांनी तिच्याकडून स्वतःचे वर्ग घेऊन घेतले, पेपर तपासून घेतले. घर बदललं तेव्हा पुस्तकांची खोकी भरायलासुद्धा हिलाच बोलावलं.

आल्या आल्या सर देवघरापुढे गेले आणि डोळे मिटून बराच वेळ उभे राहिले. मला बरं वाटलं. देवाला मानणारा माणूस आहे म्हटलं, सही द्यायलाच आला असेल.

चहा झाला. हिला मी मुलीसारखी मानतो, इथून सरांनी सुरुवात केली. मग हळूच मुद्दा आला. प्रबंधातलं सगळ्यात मोठं प्रकरण लेख म्हणून छापायचं आणि त्यावर पहिलं नाव त्यांच्या सूनबाईंचं घालायचं. दुर्बिणीचं दुसरं. या लोकांत पहिलं नाव ज्याचं, काम त्याचं, बाकीचे मदतनीस. सूनबाईंची याच विषयातल्या नोकरीची मुलाखत आहे. लेख पाठवला की सही तयार.

दुर्बीण रागावली नाही. तिने सूनबाईंना सहज विचारावं तसं विचारलं, की मुलाखतीत रिकाम्या आभाळाचे फोटो कधी घेतले म्हणून सांगाल?

हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. खऱ्या दुर्बिणीवरची धूळ, डाग प्रत्येक फोटोत उतरतात. ते नंतर काढून टाकता यावेत म्हणून नुसत्या कोऱ्या आभाळाचे फोटो घेतात, सूर्य बुडाल्यावर आणि तारे दिसायच्या आत. तेवढी घटका चुकली तर पुढच्या फोटोंवर डाग तसेच. वेधशाळेत असली की दिवेलागणीला ती फोन उचलायची नाही, आणि मीही त्या वेळी देवापुढे असायची.

सूनबाई म्हणाल्या, "मध्यरात्री. तेव्हा आभाळ स्वच्छ असतं ना."

सर हसले. "हे काय, तू शिकवशील की तिला." आणि बशीतलं बिस्किट उचललं. सूनबाईंनीही उचलला, पण फोन, आणि त्यात बघत बसल्या. दोघांच्या चेहऱ्यावर लाज म्हणून नाही. नाल्यावरून जाताना नाकाला पदर लावतो, तसं मला झालं.

"सर, पहिलं नाव माझं," दुर्बीण म्हणाली. "नाहीतर तुमची सही नको मला."

"मग सहीचं सवडीने बघू," म्हणत सर उठले आणि पुन्हा देवघराकडे वळले. पोरीची मान मुरगाळायची आणि त्याच हातांनी नमस्कार करायचा. मी पुढे होऊन देवघराचा पडदा ओढला. म्हटलं, देवाची झोपायची वेळ झाली. भर दुपारी.

ते गेल्यावर सासूबाई लेकीला म्हणाल्या, "स्थळांना नाही म्हणायचा सराव इथे कामी आला हो." मग स्वतःच डोळे पुसत आत गेल्या.

दुर्बिणीने लगेच विभागप्रमुखांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, मार्गदर्शक बदलून मिळेल, पण काम तुमचंच आहे हे दाखवावं लागेल, आणि महिनाअखेरीची खात्री मी देत नाही. जागा हातची जाऊ शकते. ती न्हाणीघरात जाऊन तोंड धुऊन आली. डोळे लाल होते, पण बाहेर येताच तिने चप्पल पायात सरकवली.

हे दाखवणारे सगळे मूळ फोटो संस्थेत, सरांच्या खोलीतल्या कम्प्युटरवर आहेत. सर सुनेला घरी सोडून तिथे पोचायच्या आत त्यांची प्रत काढून आणायला ती बसने संस्थेत गेली आहे.