आईच्या हातचा नारळ

माझं माहेर ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातलं. लग्न होऊन टिटवाळ्याला गेले, तरी नारळी पौर्णिमेला मी माहेरीच असते. एखाद्या वर्षी निघायला उशीर झाला, तर सासूबाईच विचारतात, "अगं, बरं नाहीये का?"

त्या दिवशी आमच्याकडे मासळी शिजत नाही. नारळीभात आणि ओल्या नारळाच्या करंज्या. आईचा भात गुळाचा, वर तुपात तडतडलेल्या लवंगा. साखरेचा भात बाबा ताटात घेतच नाहीत.

एका वर्षी खाडीला पहिला नारळ द्यायचा मान आमच्या घराकडे आला होता. मान पाळीपाळीनं फिरतो आणि घरातला कर्ता पुरुष नारळ सोडतो. बाबांनी कितीतरी वर्षं वाट पाहिलेली. नेमका त्याच उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं हळूहळू परत आलं, पण पाय काही उचलेना.

सणाआधी चुलतकाका घरी आले. "दादा, मान तुझाच. नारळ माझा पोरगा सोडेल. चालेल ना?"

बाबांनी आईकडे बोट केलं. ती नारळ खवत बसली होती. "ही सोडेल."

काका हसले. "वहिनी? बाईमाणसानं कधी सोडलाय का नारळ?"

"होडीवर... माझ्यासोबत... कोण होतं?" बाबांना एकेक शब्द जड जात होता.

खरंच होतं ते. खलाशी कारखान्यांत नोकरीला लागले, मिळेनासे झाले, तेव्हापासून आईच वल्हं मारायची, जाळं ओढायची आणि मग तीच मासळी घेऊन बाजारात बसायची.

"मला नाही जमायचं लोकांसमोर," आई खाली बघून म्हणाली.

"भरतीत... जमत होतं गो. मग... हे काय!" बाबा म्हणाले.

 काका उठता उठता म्हणाले, "वहिनी, हिरवं लुगडं नेस हां. उठून दिसतं."

सणाच्या दिवशी आईनं आधी भात केला, करंज्या तळल्या, मगच हिरवं लुगडं नेसली. केसांत अबोलीची वेणी, गळ्यात होतं नव्हतं ते सगळं सोनं. बँडमागून आम्ही निघालो. बाबांची चाकाची खुर्ची मी ढकलत होते. धक्क्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. मागे कुणीतरी कुजबुजलं. आईनं वळून पाहिलं नाही. सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ छातीशी धरून ती गुडघाभर पाण्यात उतरली आणि बाजारात लावते त्या खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं, "दर्याराजा, शांत हो! आमच्या होड्या सांभाळ, पोरंबाळं सांभाळ!"

नव्या टॉवरमधली एक बाई मोबाइलवर शूट करत होती. "कोण आहेत त्या?" तिनं विचारलं.

"माझी आई," मी गरजेपेक्षा मोठ्यानंच सांगितलं.

तिनं सोडलेला नारळ ओहोटीबरोबर दर्याकडे गेला. बाबा डाव्या हातानं मांडीवर थाप मारत होते, टाळी वाजवल्यासारखी. डोळे पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

दुपारी अख्खी आळी आमच्याकडे जेवली. एक म्हातारी मावशी भाताचा घास हातात धरूनच म्हणाली, "पुढच्या वर्षी मान आमच्या घरचा. पोरगा तर मस्कतला. मीच सोडीन नारळ."

यावर काका काही बोलतील म्हणून सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "सोड ना. फक्त पायऱ्या आधी घासून घेऊ."

आईनं मावशीच्या ताटात आणखी एक करंजी वाढली.