पश्चिमेच्या गॅलरीतली तुळस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, दादाला नाही. आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्या वहिनीला तर नाहीच. महत्त्वाची गोष्ट पहिल्या वाक्यात यायला हवी, असं मी वर्तमानपत्रात नव्याने येणाऱ्या उपसंपादकांना बरीच वर्षं बजावत आलो. आज स्वतःवर वेळ आली तर ते जमत नाही. लांबून यावं लागतंय.

आमचं घर गिरगावातल्या एका जुन्या इमारतीत, शेवटच्या मजल्यावर. एकच गॅलरी, ती पश्चिमेला. वर पत्रा, खाली सिमेंटची लादी. मुंबईची हवा दमट, हे खरं. पण होळीनंतर त्या गॅलरीतल्या कुंड्यांना ते कुणी सांगितलेलं नसावं. दुपारी लादीवर अनवाणी पाऊल टेकवत नसे. नळाला पाणी सकाळी तासभर, तेही पिंपात भरायचं, म्हणजे झाडांच्या वाट्याला येणार काय? बाबा दर दिवाळीला हौसेने गुलाब आणत आणि होळीला त्याच्या काटक्या टाकून देत. टिकली होती ती फक्त आईची तुळस. बाबांनी लावलेल्या रोपाच्या मंजिऱ्या चुरडून आई दरवर्षी नवं रोप करी. त्यामुळे झाड बदललं तरी तुळस तीच, असा आमच्या घरचा हिशेब होता.

दादाचं लग्न झालं आणि सुनंदावहिनी आली. माहेर आटपाडीचं. पाऊस कमी, ऊन भरपूर. शिक्षण बीकॉम, नोकरी फोर्टातल्या एका विमा कचेरीत. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाऊन आली ती ओल्या फडक्यात फांद्या बांधूनच. कोरफड, पानफुटी, पानओवा, पांढरी सदाफुली. चिनी गुलाब तिला इथेच मिळाला. मुंबईत त्याला ऑफिस टाइम म्हणतात आणि तो कचेऱ्या उघडण्याच्या वेळेला फुलतो, हे ऐकून ती खूप हसली होती.

झाड निवडायची तिची रीत सोपी होती.

"भावजी, फूल बघून झाड आणायचं नाही. पान बघायचं. जाड असलं, बारीक असलं, नाहीतर त्यावर लव असली, तर ते आपल्याकडे टिकणार. मोठं, पातळ, गुळगुळीत पान म्हणजे सारखं पाणी मागणारं."

तिने रंगाचे रिकामे डबे आणून त्यांना बाहेरून चुना लावला, म्हणजे माती तापत नाही. मातीवर नारळाच्या शेंड्या पसरल्या. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवल्या, मोठीच्या सावलीत लहान. तांदूळ धुतलेलं पाणी ओतून न देता झाडांना. आईला मोगरा हवा होता देवांसाठी, तर त्याला सगळ्यात मोठी कुंडी आणि भिंतीकडची जागा. तो उन्हाळा गेला आणि एकही झाड गेलं नाही. शेजारच्या मालूताई कठड्यावरून वाकून बघत आणि आईला म्हणत, "सून आणलीत की कृषी खातं?" आई वरवर नाक मुरडी, पण दुसऱ्या मजल्यावरच्या बायकांना गॅलरी दाखवायला तीच घेऊन येई.

वहिनीचं त्या घरात दुसरं काही स्वतःचं नव्हतं, हे मला आता दिसतं. स्वयंपाकघर आईचं, कपाट अर्धं दादाचं, बाहेरच्या खोलीत माझी पुस्तकं. गॅलरी तिची होती. कचेरीतून आली की पर्स न ठेवता आधी तिथे जायची.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या रंगीत पुरवणीसाठी माझ्याकडे एक लेख लिहायला आला — कडक उन्हात, कमी पाण्यात कुंडीत टिकणारी झाडं कशी निवडावीत. मी आयुष्यात एक रोप लावलेलं नव्हतं. वहिनी जे बोलायची ते सगळं लिहिलं. पान बघायचं, चुना लावायचा, शेंड्या पसरायच्या. तिचं नाव घातलं नाही. 'जाणकार सांगतात' असं लिहिलं. ही लबाडी होतीच — पण सांगायचं आहे ते हे नव्हे.

लेखाबरोबर छायाचित्र हवं होतं. आमचीच गॅलरी दाखवायचं ठरलं. छायाचित्रकार रविवारी सकाळी येणार होता. गुरुवारी मी गॅलरीत उभा राहून, तो काय टिपेल म्हणून पाहिलं. बाकी झाडं ठीक होती. समोरच्या दोन कुंड्यांनी मात्र निराशा केली. तुळस मंजिऱ्यांनी भरून काटकुळी झालेली, मोगऱ्याची पानं फिकट. मी वहिनीला विचारलं, यांना जरा खत घातलं तर?

"आत्ता? नको हो. उन्हाळ्यात झाडं अशीच राहू द्यायची. आत्ता खत म्हणजे तापात पंक्तीला बसवणं."

मी बरं म्हणालो. शुक्रवारी दादरला फुलबाजाराच्या बाहेर एका रोपवाल्याकडून युरियाची पुडी घेतली. तो म्हणाला, बादलीभर पाण्यात चिमूटभर. मी घरी आलो, गॅलरीत कुणी नव्हतं, आणि दोन्ही कुंड्यांत एकेक मूठ युरिया घातला. कोरडाच. वर थोडं पाणी शिंपडलं. का? चिमूटभराने रविवारपर्यंत काय दिसणार, असं वाटलं. जास्त घातलं की लवकर गुण येईल — इतका साधा विचार. लेखात मी 'खत बेताने' असं लिहून दिलेलं होतं.

शनिवारी संध्याकाळी तुळशीच्या पानांच्या कडा करपल्या. रविवारी सगळ्यांच्या आधी मला जाग आली, म्हणजे मी झोपलो होतो असंही नाही. तुळस काळी पडून मान टाकून होती. मोगरा अर्धा गेलेला. मातीवर पांढरे दाणे दिसत होते, स्वच्छ. कुणीही नुसतं वाकून पाहिलं असतं तर कळलं असतं. मी चमच्याने वरचा थर खरवडला. वर्तमानपत्रात गुंडाळून खाली कचऱ्याच्या पेटीत टाकला. कोरफडीच्या कुंडीतली माती आणून वर पसरली, शेंड्या पुन्हा नीट मांडल्या. छायाचित्रकाराला फोन करून सांगितलं, येऊ नकोस, संग्रहातलं चित्र वापरू. मग हात धुतले आणि चहा ठेवला.

इथपर्यंत जे झालं त्याला कुणी मूर्खपणा म्हणेल. मीही म्हणत आलोय. पण मूर्खपणाची कबुली द्यायला माणसाला इतकी वर्षं लागतात का?

आई आंघोळ करून तांब्या घेऊन गॅलरीत गेली. मग तिने वहिनीला हाक मारली. वहिनीची पाळी होती. आमच्याकडे वेगळं बसवत नसत, पण त्या दिवसांत देवाला आणि तुळशीला हात लावायचा नाही, एवढं पाळायचे. शिवाशिवीने तुळस जळते, हे आईला कुणी शिकवायला नको होतं. तिच्या आईने तिला सांगितलं होतं.

"सुनंदा, तू शिवलीस का गं हिला?"

"नाही, आई." वहिनी थांबली. ती खोटं बोलली असती तर तिथेच संपलं असतं. "काल कपडे काढताना पदर लागला असेल. मला नक्की सांगता येत नाही."

दादा आतून म्हणाला, "आई, काहीतरीच काय. ऊन बघ बाहेर केवढं आहे."

"ऊन काय यंदा नवीन आलंय?" आई म्हणाली.

याचं उत्तर माझ्याकडे होतं. मी गॅलरीच्या दारात उभा होतो, हातात कप होता. आई ओरडली नाही, हे सांगायला हवं. बाबा आदल्या दिवाळीत गेले होते. ती कुंडीपाशी खाली बसली आणि एवढंच म्हणाली, "त्यांच्या हातची होती." वहिनी तिच्या शेजारी बसायला गेली आणि मधेच थबकली — आपण आत्ता जवळ जावं की नाही, हे तिला कळेना. ती तशीच अर्धवट वाकलेली उभी राहिली. मला ते आजही तसंच दिसतं. तेव्हाही दिसलं होतं. मी कप आत नेऊन ठेवला.

मी त्यावेळी काय विचार करत होतो? आई रागावेल याची भीती होती? नव्हती. मी धाकटा, मला माफ झालं असतं. दोन दिवस बोलणी, मग विसरले असते. वहिनीला माफ होणार नाही, हे मला माहीत होतं. तरीही गप्प बसलो. सोपं होतं, म्हणून. माझं नाव कुणी घेत नव्हतं.

कुणी शिक्षा केली नाही. आई फक्त म्हणाली, त्या दिवसांत गॅलरीत जात जाऊ नकोस, कपडे मी काढीन. मालूताईंना कळायचं ते कळलंच. "पाण्यावाचून झाडं जगवते म्हणे," त्या जिन्यात म्हणाल्या, वहिनीला ऐकू जाईल अशा बेताने. वहिनीने आधी ते चार दिवस गॅलरीत जाणं सोडलं. मग बाकीचेही. "कशाला उगाच," म्हणायची. कचेरीतून आली की पर्स ठेवून थेट स्वयंपाकघरात जाऊ लागली. झाडांना पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं आणि ती बहुतेक सगळी जगली, कारण तिने निवडलेली झाडं माझ्यासारख्याच्याही हातून मरणारी नव्हती.

इथे थांबता आलं असतं. पण पुढे काही वर्षांनी मी पाळीच्या शिवाशिवीवर एक मोठा लेख लिहिला. चांगला लेख होता. बऱ्याच जणांनी तसं कळवलं. त्यात एक उदाहरण होतं — आमच्या ओळखीच्या एका घरात तुळस सुकली आणि नव्या सुनेवर ठपका आला. 'वास्तविक ती उन्हाने सुकली असणार,' असं मी लिहिलं. असणार. हा शब्द मी विचार करून निवडला होता. इतरांच्या मजकुरातला असा शब्द मी लाल पेनने खोडत असे आणि विचारत असे, नक्की माहीत आहे की नाही?

वहिनी माझं सगळं वाचते. लेख छापून आला त्या रविवारी तिने तो वाचून घडी घालून ठेवला.

"छान लिहिलंत, भावजी. माझ्या बाजूने एवढं कुणी बोललं नव्हतं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण खरं सांगू? ती माझ्यामुळेच गेली. पदर लागला होता. मी आईंना तेव्हा नक्की नाही म्हणाले, पण लागला होता."

लागला होता की नाही, मला ठाऊक नाही. इतक्या वर्षांत तिने स्वतःलाच तसं पटवून घेतलं असावं. मी म्हणालो, "जाऊ दे, वहिनी." तिने माझ्यासाठी त्या दिवशी शिरा केला. मी खाल्ला.

आई गेली. इमारत पाडायला निघाली, तेव्हा मी भाड्याने दुसरीकडे गेलो. दादा-वहिनींनी परळला घर घेतलं, उंचावरच्या मजल्यावर. तिथेही खिडक्या पश्चिमेलाच. वहिनीने तिथे एकही कुंडी ठेवली नाही. ठेवल्या त्या तिच्या मुलीने, ऋताने. ऋता आता नववीत आहे. तिने स्वतःच पानं पाहून झाडं निवडली. हे तिला कुणी शिकवलं, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. खिडकीच्या जाळीत तिची एक तुळसही आहे.

गेल्या एप्रिलमध्ये मी त्यांच्याकडे दुपारी गेलो. ऋता सोफ्यावर पाय दुमडून बसली होती. बाहेर ऊन रणरणत होतं आणि कुंड्यांतली माती काठापासून सुटली होती.

"काका, तुम्ही घाला ना पाणी. मला आज चालत नाही."

"कोण म्हणतं?"

"आई."

"हो, मीच," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली. "हसा तुम्ही दोघं. मी एक घालवलीये अशी, म्हणून सांगते. नाहीतर मला काय हौस आहे?"

मी झारी घेतली. पाणी हळूहळू घातलं, माती पिईल तसं. ऋता उठून खिडकीपासून हातभर अंतरावर येऊन उभी राहिली, ओढणी दोन्ही हातांनी आवळून धरलेली. तिने आवाज लहान केला.

"तुम्ही तर लेख लिहिलाय ना यावर? मी वाचलाय. मग खरं सांगा, असं होतं का?"

प्रश्न सरळ होता. उत्तर माझ्याइतकं नक्की जगात दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. आत भांड्यांचा आवाज थांबला होता. वहिनी ऐकत होती.

मी म्हणालो, "आईचं ऐक."