‘शुक्रवार का कपड़ा’ या नावामागचा शुक्रवार

लग्नातला शालू नेसून मी पॉवरलूमच्या शेडमध्ये भूत व्हायला गेले होते. माझ्या मूर्खपणांत याचा नंबर पहिला. भुताखेतांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता... सिनेमावाल्यांवर होता, तिथेच घोळ झाला!

आठवण निघाली नातीमुळे. मोबाईलवर विचित्र नावांचे भयपट बघून ती खिदळत होती. त्यात एक — ‘शुक्रवार का कपड़ा’. “आजी, हे भूत काय धुणं वाळत घालतं?” मला हसू येईना. ते नाव ठेवलं गेलं तेव्हा मी तिथे उभी होते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. भिवंडीत नारपोलीला आमचं घर आणि घराला लागून सासऱ्यांची चार लूमची शेड. विणायला रहमतचाचा. शुक्रवारी जुम्म्याची सुट्टी, त्यात आमच्या भागात वीजही बंद. गुरुवारी सुटताना चाचा मोटरवरून लूम फिरवणारे पट्टे उतरवून खुंटीला टांगायचे आणि विणलेल्या कापडावर खडूची रेघ मारायचे — शनिवारी इथून पुढे. पट्टा खुंटीवर म्हणजे लूम मेलेला.

अशाच एका गुरुवारी मुंबईचा एक भयपटवाला डायरेक्टर आला. हवेलीचं भाडं परवडेना, म्हणून त्याचं भूत आता लूमवर बसणार होतं. मामंजींनी त्याला दारातूनच हाकललं. जाता जाता तो मला म्हणाला, “भाभी, आपकी आँखों में आत्मा है.” झालं! दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मामंजी सोयरिकीसाठी राहनाळला गेले, सासूबाई दुपारच्या लवंडल्या, तो माणसं घेऊन परत आला आणि मी शेडची किल्ली त्याच्या हातात ठेवली. वय एकोणीस, अक्कल नऊ.

माझं काम एवढंच — कॅमेऱ्याकडे पाठ करून चरख्यावर कांडी भरायची, म्हणजे आडव्या धाग्याची रीळ. म्हणजे आत्म्याचे डोळे दिसणारच नव्हते! शेडमध्ये सगळं सूत पांढरं. डायरेक्टरला रंग हवा म्हणून धामणकर नाक्यावरून त्याने पिवळा धागा आणला. तो सगळा एका कांडीत मावला. मग हुकूम सुटला — आता पुतळ्यासारखं बसा.

मी बसले. आणि तळपायाला थरथर लागली. नारपोलीत लूम कानाआधी पायाला कळतो...

“हिलो मत!” डायरेक्टर ओरडला.

“मैं नहीं हिलती, जमीन हिलती है!”

सगळे हसले. “जनरेटर है, भाभी.” टेम्पोतला जनरेटर बंद केला. दिवे गेले, आवाज गेला... थरथर तशीच. दात दाबून बसले, उठले, परत बसले. शालूच्या आत घामाची धार. हसणारेही हळूहळू सामान आवरायला लागले. ती भरलेली कांडी कमरेला खोचून मी कुलूप लावलं आणि घरात पळाले.

शनिवारी सकाळी मामंजींचा आवाज आला. चौथ्या लूमवर खडूच्या रेघेपुढे हातभर कापड विणलेलं. पिवळं.

“सुट्टीच्या दिवशी चोरून लूम चालवता, चाचा? माझ्या शेडमध्ये स्वतःचा माल?”

“मालिक, पट्टा खूँटी पे है. बिजली नहीं थी. मैं मस्जिद में था.”

“मग विणलं कोणी, माझ्या बापानं?”

चाचांनी जेवणाचा डबा उचलला आणि चपला शोधायला लागले. घरी पाच तोंडं, आणि चोर म्हणून हाकललेल्याला दुसऱ्या शेडमध्ये कोण उभं करणार? मी दाराआड पदर चावत उभी. माझी नऊ वर्षांची अक्कल म्हणत होती, गप्प राहा. पण पाय पुढे गेले.

“किल्ली मी दिली. सिनेमावाल्यांना. पिवळं सूत त्यांचं.” कालपासून कमरेला लपवून ठेवलेली कांडी काढून दाखवली. भरलेली, धागा एक वीतसुद्धा कमी नाही.

सासूबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, “अगं बया, शालू नेसून भूत झालीस? शालू न नेसता तशीच बसली असतीस तरी फरक कुनाला कलला नसता!”

तेवढ्यात राहिलेली वायर न्यायला डायरेक्टर आला. लूमपाशी मान वाकवून उभा राहिला, सगळं ऐकलं. मला वाटलं, आता घाबरून पळेल. त्याने मांडीवर थाप मारली. “शुक्रवार का कपड़ा! टायटल मिल गया!” आणि वायर तिथेच टाकून गेला. सिनेमा चार दिवस चालला म्हणतात. त्यात माझी पाठसुद्धा नाही.

मामंजींनी चाचांच्या हातातला डबा काढून परत खिळ्याला अडकवला. माफी त्यांना मागता यायची नाही. त्यांची माफी तेवढीच. मला महिनाभर कोणी हाक मारली नाही ते वेगळं.

आमच्या इंजिनिअर जावयाने बेल्ट, व्होल्टेज, उंदीर... सगळं लावून पाहिलं. मला काहीच पटलेलं नाही. कारण त्या दिवशी कापड कापून वेगळं काढल्यावर, मामंजी आत गेलेले बघून, चाचा ते घेऊन माझ्याजवळ आले. कापडाची उलटी बाजू त्यांनी बोटाने चाचपली. तुटलेला धागा प्रत्येक विणकर आपल्या पद्धतीने गाठतो, हे मला तेव्हा ठाऊकही नव्हतं. ते अगदी हळू म्हणाले,

“बहू, तूने मेरी रोज़ी बचाई, अल्लाह तुझे खुश रखे. मगर मालिक को मत बोलना... मैं तो मस्जिद में ही था, फिर भी इसमें जितनी गाँठें हैं ना, सब मेरे हाथ की हैं.”