शिवम्मा आत्याची सकाळची पॅसेंजर

नागलवाडीच्या हाल्टवर फलाट नाही. खडीवर उभं राहायचं आणि गाडी आली की छातीएवढ्या उंचीच्या पायरीला पाय भिडवायचा. गाडी इथं थांबते असं म्हणायची पद्धत आहे; खरं तर ती जरा दम खाते. तेवढ्यात चढलात तर उदगीर, नाही तर परत घर.

या हाल्टवरून शिवम्मा आत्या दोन वर्षं रोज गाडीनं जात होती, आणि तिला उदगीरात काडीचंही काम नव्हतं.

आत्या म्हणजे किराणा दुकानवाल्या सिद्रामप्पांची थोरली बहीण. बीदरकडं दिली होती, नवरा गेल्यावर भावाकडं आली. तोवर तिनं रेल्वेचा प्रवास दोनदाच केला होता: एकदा सासरी जाताना, एकदा कायमचं परत येताना. बोलते मराठीच, पण घाई झाली की कानडी निसटतं. "बेगा बा, बेगा बा," म्हणते, आणि कानडी न येणारी म्हैससुद्धा लगबगीनं येते.

लातूर जिल्हा वेगळा झाला तशी आमच्याकडं ज्याला त्याला काहीतरी व्हायची हौस सुटली. कुणाला गावाचा तालुका करायचा होता, कुणाला वाडीचं गाव. सिद्रामप्पांच्या महानंदाला मास्तरीण व्हायचं होतं. उदगीरला ट्रेनिंगला, म्हणजे डी.एड.ला, तिचा नंबर लागला. सिद्रामप्पांना बोलायच्या आधी खाकरायची सवय आहे. ते खाकरले.

"पोरगी खोली करून राहायची न्हाई. एकली गाडीनं जायची न्हाई. आन् एक जरी वरीस नापास झाली, तर निलंग्याचं स्थळ हाय, ते पक्कं करायचं. अक्का, तू काय म्हणतीस?"

"मी जाते की संगं," आत्या म्हणाली.

"रोज?"

"गाडी रोज हाय का न्हाई?"

त्याच्यापुढं सिद्रामप्पांना नुसतंच खाकरता आलं.

मी तेव्हा अकरावीला उदगीरला जायला लागले होते, म्हणून मीही आत्याच्या पदराखाली आले. मी सगळ्यांच्या नकला करते म्हणून ती मला साळुंकी म्हणते. पहिल्या दिवशी गाडीत चढवण्याआधी तिनं आम्हा दोघींचं ट्रेनिंग घेतलं, तेही स्वतःच्या घरच्या माळवदाच्या शिडीवर. पिशवी शेजारणीच्या हातात द्यायची, दोन्ही हातांनी दांडा धरायचा, मग पाय. उतरताना तोंड गाडीकडं. आमच्या पाठोपाठ स्वतःही नऊवारीचा काष्टा सावरत ती पाच-सहा वेळा चढली-उतरली. खाली सिद्रामप्पा गिऱ्हाईक सोडून बघत उभे.

"अक्का, माळवदावर काय हाय?"

"उदगीर," आत्या म्हणाली.

आणि एक कायदा: हललेल्या गाडीला शिवायचं नाही. एखादा कॉलेजकुमार पळत पळत दांड्याला लोंबकळला की आत्या खिडकीतून म्हणायची, "आईनं एकच काढलाय वाटतं. दुसरा असता तर शहाणा असता." हे ती अगदी हळू आवाजात म्हणायची. डबाभर ऐकू जायचं.

पण आत्याची खरी करामत वेगळी होती. ती लिंगायत, गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हे तिचं लहानपणापासूनचं. गाडी सकाळची, म्हणून आंघोळ घरी आणि पूजा गाडीत. आमच्या शेजारी बाकावर ती पांढरं फडकं अंथरायची, मांडी घालायची, कपाळाला विभूती लावायची, डावा तळहात पुढं करून त्याच्यावर लिंग ठेवायची आणि तांब्यातलं पाणी चमच्यानं वाहायची. गाडी कितीही हिंदकळली तरी तो तळहात हलायचा नाही. सगळा डबा गप. पेरूवाला करीमचाचा टोपली घेऊन दारातच थबकायचा आणि मागच्यांना दटावायचा, "अम्मा की पूजा चल्ली, चुप बैठो रे."

कंगवे फिरवत येणारी पोरं पांढरं फडकं दिसलं की पुढच्या डब्यात जायची. थोड्याच दिवसांत आमच्या लक्षात आलं, की पूजा कधी पहिल्या स्टेशनला सुरू होते, कधी तिसऱ्या. पोरं ज्या स्टेशनला चढतील, त्या स्टेशनला.

"आत्या, आज उशिरा केलीस?" मी विचारलं.

"देवाला कुठं गाडी गाठायचीय," आत्या म्हणाली.

उदगीरला उतरलो की मी माझ्या कॉलेजला, महानंदा ट्रेनिंगला, आणि आत्या ट्रेनिंग कॉलेजच्या आवारात लिंबाखाली. दिवसभर वाती वळायची. महानंदा पहिलं वर्ष पास झाली. दुसरं आलं, आणि त्याच्याबरोबर दुष्काळ.

फाल्गुनातच विहिरी आटल्या. लोक घागरी घेऊन सकाळच्या पॅसेंजरनं उदगीरला जायला लागले. तिथं नळाला निदान वेळ होती. गाडी लांबून यायची तेव्हा आधी शिट्टी ऐकू येत नव्हती, घागरींचा खणखणाट यायचा. खिडक्यांच्या गजांना बाहेरून घागरी बांधलेल्या, दारात कळशा, बाकाखाली कॅन. आत्या आता आंघोळ एका तांब्यात करायची आणि पूजेला वाटीभर पाणी न्यायची.

चैत्रात महानंदाचा वार्षिक पाठ होता. बाहेरून परीक्षक येणार, त्यांच्यापुढं ट्रेनिंग कॉलेजच्याच शाळेतल्या पोरांना शिकवून दाखवायचं. तो हुकला तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं तर निलंगा. पाठाचा विषय होता वाहतुकीची साधनं. महानंदानं दुकानातल्या काड्यापेट्यांची आगगाडी केली होती, पुढं पुठ्ठ्याचं इंजिन. माझ्या कॉलेजला सुट्टी लागली होती, पण इंजिन धरायला माणूस पाहिजे म्हणून मीही निघाले.

गाडी आली ती दारापर्यंत ठासून. आम्ही एका दाराशी गेलो, तिथं घागरी. दुसऱ्या दाराशी गेलो, तिथं घागरी आणि घागरवाल्या.

"बाई, जरा सरका की, पोरीची परीक्षा हाय," आत्या म्हणाली.

"आमची बी रोज परीक्षाच हाय, मावशी," आतून एक बाई म्हणाली. म्हणाली, पण सरकली. महानंदानं पिशवी माझ्या हातात दिली, दांडा धरला, एक पाय पायरीवर टाकला, आणि गाडी हलली.

अजून एका झटक्यात ती वर गेली असती. मला अजून तसंच वाटतं. पण आत्यानं मागून तिची वेणी धरली आणि ओढली. महानंदा आत्याच्या अंगावर, आत्या माझ्या अंगावर, आणि मी काड्यापेट्यांच्या आगगाडीवर. वाटीतलं पूजेचं पाणी खडीनं पिऊन टाकलं. गाडी खणखणत गेली.

महानंदा खडीवर बसूनच म्हणाली, "चढले असते मी. आत्या, चढले असते गं."

आत्यानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सडकेच्या दिशेनं चालायला लागली. मागं न बघता म्हणाली, "बेगा बा."

सडकेवर बराच वेळ काही आलं नाही. मग मुखेडकडचा एक टँकर आला. आत्या रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. भुजंग नावाचा ड्रायव्हर होता. त्यानं डोकं बाहेर काढलं.

"मावशी, मरायचं असंल तर दुसऱ्याच्या टँकरखाली मरा. मला पाणी पोचवायचंय."

"मला पोरगी पोचवायचीय," आत्या म्हणाली.

त्यानं आम्हाला पुढं घेतलं. आत्या त्याच्या बाजूला, मग महानंदा, दाराशी मी. भुजंगची टकळी चालू: मुखेडला बाजारच्या दिवशीसुद्धा पाणी कसं विकत मिळेना, आणि कुठल्या गावात बायकांनी टँकर कसा रात्रभर अडवून धरला. टाकी भरलेली, म्हणून चढाला टँकर रांगायचा. महानंदा मोडलेल्या काड्यापेट्या मांडीवर घेऊन सांधत होती. त्या सांधल्या जात नव्हत्या.

पोचलो तेव्हा पाठ संपले होते. परीक्षक बाई नांदेडच्या. त्या ऑफिसात चहा घेत होत्या. प्राचार्य सर दारातच म्हणाले, "आता काय उपयोग? गैरहजर लागली. पुढच्या वर्षी बसा." पुढच्या वर्षी हे शब्द त्यांनी असे टाकले, जसं पुढच्या चौकात वळा म्हणावं.

महानंदा भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. आत्या पायरीवर गेली, पिशवीतलं पांढरं फडकं काढून अंथरलं आणि त्याच्यावर बसली. डबीला हात लावला, पण उघडली नाही. मन थाऱ्यावर नसताना लिंग तळहातावर घ्यायचं नाही, असं तिच्या आईनं शिकवलेलं. शिपाई किशनमामा पाण्याचा पेला घेऊन आला.

"घ्या आजी. उन्हाच्या आलाव."

"नको."

"घोटभर तरी."

"नको म्हणले न्हवं."

"सकाळधरनं काहीच घेतलं नाही तिनं," मी सांगितलं.

किशनमामानं एकदा पांढऱ्या फडक्याकडं बघितलं, एकदा भरल्या पेल्याकडं, आणि पेला घेऊन तो थेट आत पळाला. त्या वर्षी उदगीरात तहसीलसमोर उपोषणांची रांग लागलेली होती. कुणाचं टँकरसाठी, कुणाचं तालुक्यासाठी. सगळे असेच पांढऱ्या फडक्यावर बसलेले, पाणी नाकारत. आतून आवाज आले ते मला जसेच्या तसे पाठ आहेत.

"सर, ती लिंबाखालची म्हातारी उपोषणाला बसून राहिली."

"कुठं?"

"आपल्या पायरीवर. पाणी बी घेईना."

"अरे पण, आमच्याकडं कशाला? तहसील तिकडं आहे." मग खुर्ची सरकल्याचा आवाज. "वय काय असेल रे?"

"पिकलं पान हाय, सर."

सर बाहेर आले ते वेगळेच सर होते. "आजी, आजी, एवढं टोकाला जाऊ नका. आपण पाठ घेऊ. परीक्षक बाईंशी बोलतो मी. तुम्ही आधी पाणी घ्या."

महानंदा भिंतीकडून वळली. माझ्या मनात उकळ्या फुटल्या. आता फक्त आत्यानं गप्प बसायचं होतं, बाकी सगळं झालं होतं.

"कशापायी टोकाला?" आत्यानं विचारलं.

"हे उपोषण..."

"कुणाचं?"

मी तिच्या पाठीला बोट टोचलं. महानंदानं डोळ्यांनी खुणावलं. आत्यानं आम्हा दोघींकडं बघितलं, तिला समजलं, आणि ती फडक्यावरून उठली.

"सर, मी उपाशी हाय ते माझ्या देवापायी. पूजा झाली न्हाई म्हणून पाणी न्हाई. आन् मन ठिकाणावर न्हाई म्हणून पूजा न्हाई. तुमच्यावर काय रुसवा न्हाई. अशा भ्यानं पोरीचा पाठ घेऊ नका."

सरांचा चेहरा सैल झाला. "म्हणजे उपोषण नाही."

"न्हाई."

"मग मी म्हणत होतो तेच. नियमानं..."

महानंदानं पुन्हा भिंत गाठली. तेवढ्यात परीक्षक बाई कपबशी हातात घेऊनच दारात आल्या. "उशीर का झाला, ते कुणी सांगेल का?"

"गाडी हलली व्हती," आत्या म्हणाली. "ही चढाय लागली व्हती. मी वेणी धरून खाली ओढली. तिच्याकडनं उशीर न्हाई बाई, माझ्याकडनं झाला. आन् उद्या परत हलली, तर परत ओढीन."

बाईंनी महानंदाच्या सुटलेल्या वेणीकडं बघितलं, मग तिच्या हातातल्या चेपलेल्या इंजिनाकडं. "वर्गातली मुलं गेली का?"

"न्हाई बाई," किशनमामा म्हणाला. "शाळेचा टँकर यायचाय. पोरं कळशा घेऊन बसलेत, पाण्याबिगर हालत न्हाईत."

"मुलं आहेत, मी आहे, ही आली," बाई सरांना म्हणाल्या. "गैरहजर कोण आहे मग?"

पाठ झाला. आम्ही खिडकीतून बघत होतो. महानंदानं विचारलं, "मुलांनो, तुम्ही कोणकोणती वाहनं पाहिली आहेत?" चाळीस पोरं एका आवाजात म्हणाली, "टँकर." तिनं दुसरं विचारलं, तिसरं विचारलं, सगळ्याचं उत्तर टँकर. मग तिनं चेपलेलं इंजिन बाजूला ठेवलं आणि टँकरवरच शिकवलं: तो कुठून येतो, कोण चालवतं, चढाला हळू का होतो. भुजंगची अर्धी बडबड त्यात होती. आत्या माझ्या कानात म्हणाली, "मागच्या बाकावरच्याला ऐकू जाईना. जरा जोरात बोल म्हणावं." मी म्हणाले, "आत्या, ही परीक्षा आहे." "मग काय झालं? त्यो मागचा काय फुकट बसलाय?"

घंटा झाल्यावर आत्यानं किशनमामाकडून वाटीभर पाणी मागून घेतलं आणि पायरीवर पूजा केली. सर ऑफिसातून निघाले होते, ते पूजा संपेपर्यंत दारातच उभे राहिले.

संध्याकाळी सिद्रामप्पा खाकरले. "टँकरमधून गेलाव म्हणं?"

"हाव. डायवरच्या बाजूला मी बसले."

"आन् पाठ?"

"झाला. आवाज बारीक पडतो तिचा. दुकानात बसवून गिऱ्हाईकाला हाका मारायला लाव."

निकाल लागायच्या आधीच निलंग्याचे लोक पोरगी बघायला येऊन बसले. मुलगा, त्याची आई, मामा. ते पोह्यांवर असतानाच महानंदा पोस्टातून निकाल घेऊन आली: पास. सिद्रामप्पा खाकरले. त्यांनी अक्काकडं बघितलं.

आत्या मुलाच्या आईजवळ सरकून बसली. "पोरगी आता मास्तरीण झाली बघा. नोकरी लागंल तिकडं जाईल, हिमायतनगर म्हणा, हदगाव म्हणा. चालंल का?"

मुलाच्या आईनं मामाकडं बघितलं, मामांनी पोह्यांकडं. "आम्हाला दुकानात हाताखाली माणूस पाहिजे होतं," मामा म्हणाले.

"बरं," आत्या म्हणाली. "च्या घेऊन जावा मग. सावकाश घ्या. गाडीला अजून वेळ हाय."