फ्राऊ हूबरची फरशी आणि आमचा कुकर

ओल आणि किस्से, दोन्ही न बोलावता वर येतात. पुसायला गेलं की पसरतात. आमची फरशी आता कोरडी आहे, म्हणून किस्से सांगायला हरकत नाही.

जर्मनीत रेगेन्सबर्गला मुलीचं भाड्याचं घर तळमजल्यावर; आम्ही दोघं तिच्याकडे राहायला. घर जुनं, त्यात फायरप्लेस, आणि तिच्या तळाची दगडी फरशी बारा महिने ओली. वर राहणाऱ्या घरमालकीण फ्राऊ हूबर यांचं निदान ठरलेलं: आमच्या कुकरची वाफ! त्यांनी पत्रच दिलं. कुकर बंद करा, नाहीतर घर सोडा.

मी एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात कारकून होतो. पत्राला घाबरायचं नसतं, जावक क्रमांक टाकून उत्तर द्यायचं असतं. दिलं.

*

जावई निरंजनराव मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. शनिवारी त्यांचे तीन मराठी सहकारी फरशीची पाहणी करायला आले. लॅपटॉप उघडले, आकृत्या निघाल्या. पातेलंभर पोहे संपल्यावर एकमताने निष्कर्ष निघाला: फरशी ओली आहे.

*

फ्राऊ हूबर रोज सकाळी येऊन "लुफ्टेन!", म्हणजे हवा खेळू द्या, म्हणत खिडक्या सताड उघडायच्या. बाहेर उणे चार. आमच्या हिने स्वेटरवर शाल घेतली आणि कुकर चढवला. "सांगा त्यांना, घर सोडू, वरणभात नाही सोडणार."

निरंजनराव भाषांतरात फार सभ्य. त्यांनी सांगितलं, आई विचार करतायत.

*

मग मी प्लास्टिकची पिशवी कापून फरशीवर चारी कडांनी चिकटवली. थेंब वर जमले तर वाफ, खाली जमले तर जमीन. दुसऱ्या दिवशी वर ठणठणीत कोरडं, खाली थेंबच थेंब.

फ्राऊ हूबर म्हणाल्या, वाफ आत अडकली असणार. मला आमचे जुने साहेब आठवले. पुराव्याने त्यांचंही मत कधी बिघडलं नाही.

*

दगडाखाली आपल्या आजोबांनी डांबराचा थर घातलाय, ओल खालून येणं शक्यच नाही, असं फ्राऊ हूबरचं म्हणणं. ते सिद्ध करायला त्यांनी स्वतःच गवंडी आणला. त्याने पहार लावली तशी हिने मुद्दाम कुकर लावला.

तिसऱ्या शिट्टीला दगड उचलला गेला. खाली डांबर नव्हतं. काळी, ओली माती होती, आणि तिच्यात एक जाडजूड गांडूळ.

ही स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "निरंजनराव, विचारा त्यांना, हेही आमच्याच कुकरमधून आलं का?"

या खेपेला निरंजनरावांनी शब्द न् शब्द भाषांतर केलं.