दोन बटणांचा प्रेस

पत्रा कापायच्या कारखान्यात तो सोळा वर्षं प्रेसवर होता. सगळे त्याला डावऱ्या म्हणत, कारण उजव्या हाताची तीन बोटं प्रेसने खाल्ली होती. मग त्याच मशीनवर त्याच्या मेहुण्याचा पंजा मनगटापासून गेला. मेहुणा ओरडलाही नाही, नुसता रिकाम्या मनगटाकडे बघत राहिला.

डावऱ्याने फोरमनला सांगितलं, "दोन बटणं लावू. दोन्ही हात बटणांवर असले तरच प्रेस खाली येईल."

"वेग कमी होईल. तू पत्रा काप, डोकं चालवू नकोस."

पुन्हा सांगितलं, तर कानाखाली बसली. तिसऱ्यांदा तो कागदावर चित्र काढून घेऊन गेला, तेव्हा फोरमनने पाना उचलला. कपाळ फुटलं, दोन दात फरशीवर पडले.

टाके पडत असताना एचआरच्या नव्या बाई आल्या. "कुठे पडलात?"

"पडलो नाही बाई. कल्पना सांगितली."

बाईंनी रक्ताने चिकटलेला कागद उलगडून नीट पाहिला. आठवड्याभरात फोरमनला घरी पाठवलं. सूचना थेट बाईंकडे यायला लागल्या, दर शनिवारी दोन तास प्रयोगासाठी मिळाले, आणि फसलेल्या प्रयोगाचा ठपका कुणावर नाही, असा नियम झाला.

पहिल्याच शनिवारी स्प्रिंग तुटली. प्रेस आपोआप खाली आला, साच्याचा तुकडा उडून बटणांच्या तारा जोडणाऱ्या इलेक्ट्रिशियनचा गाल चिरून गेला. डावऱ्या भिंतीला टेकला. गालाला पट्टी बांधून झाल्यावर बाई म्हणाल्या, "काय तुटलं ते लिहून ठेवा. पुढच्या शनिवारी परत."

चौथ्या शनिवारी बटणं चालली. प्रेसने पुन्हा कुणाचा हात घेतला नाही. प्रयोगांची जबाबदारी डावऱ्याकडे आली. इतरांनाही वाचा फुटली, तेही कल्पना सांगू लागले.

वर्षभराने शनिवारच्या प्रयोगात एका वेल्डरने बनवलेली पत्रा धरायची नवी पकड सुटली आणि तापलेला पत्रा डावऱ्याच्या मानेला चाटून गेला. त्याने वेल्डरला भिंतीवर आपटलं, दोन गुद्दे हाणले. नाकातून रक्त आलं तेव्हा कुठे तो थांबला.

तो स्वतःच बाईंकडे गेला. "मी फोरमनसारखाच वागलो."

"महिनाभर प्रयोगात तुम्ही नाही," बाई म्हणाल्या. "आणि वेल्डरची माफी सगळ्यांसमोर मागायची."

त्याने मागितली. शनिवारी वेल्डर सुजलेल्या नाकाने तीच पकड सुधारून घेऊन आला.