वर्सोवा ते मढ, सात खेपा

वर्सोव्याच्या धक्क्यावरून मढ इतकं जवळ दिसतं की पलीकडे वाळत घातलेल्या बोंबलांच्या ओळीही नजरेत येतात. मध्ये फक्त खाडी. होडीने पाच मिनिटं. या पाच मिनिटांसाठी मी आठ महिने तयारी केली होती.

दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या सहलीत आमची नाव तलावात उलटली. सगळे वाचलो, पण त्यानंतर मला डोक्यावर तांब्याभर पाणीही घेता येईना. मुलुंडच्या एका डॉक्टरबाईंकडे उपचार सुरू झाले. त्यांनी पायऱ्या आखून दिल्या: तांब्या, बादली, पवई तलावाचा काठ, आणि शेवटी ही तर, म्हणजे खाडी पार करून देणारी होडी. नियम दोन. एकटीने जायचं. भीतीला दहापैकी गुण द्यायचे, आणि ते पाचाच्या खाली आल्याशिवाय उतरायचं नाही.

"भीती चढलेली असताना पळालीस तर ती पुन्हा येणार," बाई म्हणाल्या. "बसून राहा. तिलाच कंटाळा येऊ दे."

मला मढच्या शाळेत नोकरी मिळत होती. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. मालाडवरून रस्ता आहे, पण घाटकोपरहून त्या वळशाने गेले असते तर पोचेपर्यंत मधली सुट्टी झाली असती.

म्हणून रविवारी सकाळी निघाले. सगळं शहर क्रिकेटची मॅच बघायला टीव्हीसमोर बसलेलं, त्यामुळे बस साकीनाक्यावरही थांबली नाही. मला मात्र ती अडकायला हवी होती.

होडीत बसले. इंजिन धडधडलं, माझंही. नऊ गुण. डोळे उघडले तेव्हा मढ आलं होतं आणि सगळे उतरले होते.

"बाय, उतर की," तांडेल (होडीचा मुख्य) म्हणाला.

"नाही उतरता येत. नऊ आहेत."

"नऊ कोन? तू तं एकटीच हायस!"

मी लाजून परतीचे पैसे पुढे केले. होडी परत वर्सोव्याला. साडेआठ गुण. पुन्हा मढ. आठ. चौथ्या खेपेला मासळीची रिकामी पाटी घेऊन एक कोळीण समोर बसली. पहिल्या खेपेलाही ती होती.

"ही पोर अजून हितंच?" तिने तांडेलाला विचारलं.

"सकालपासून झोके घेतेय, गुलाबमावशी. घर इसरली वाटतं."

अनोळखी माणसांशी मी सहसा बोलत नाही. पण सुटका नव्हती. खाली बघत मी सगळं सांगून टाकलं: तलाव, बाई, गुण. आता हसतील, असं वाटलं.

गुलाबमावशी हसली नाही. "माझा धनी वादलातून वाचून आला, तं महिनाभर दर्याकडं पाठ करून बसायचा. मंग सासू त्याला रोज बांधलेल्या होडीत बसवून जेवायला घालायची. तुझ्या बाईनं हे बुकात वाचलं व्हय?" मग तिने पिशवीतून तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी (सुक्या माशांची) काढली. "खा. तोंड भरलेलं असलं म्हंजे किंचालायला जागा नाय."

खरोखर नव्हती. चटणी इतकी तिखट होती की मी खाडीच विसरले. सात!

पाचव्या खेपेला लाटेचं पाणी थेट तोंडावर आलं आणि मी धाडकन नऊवर गेले. एव्हाना ही बातमी होडीभर पसरली होती. मांडीवर कोंबडी घेतलेला एक म्हातारा आणि ट्रान्झिस्टरवर क्रिकेट ऐकणारे एक काका, दोघे उतरायचं सोडून होडीतच बसले आणि वळून विचारू लागले, "पोरीचा स्कोर काय?"

"सहा," मी सहाव्या खेपेला म्हणाले.

"झकास! टिकून राहा गं!"

सातव्या खेपेला मढ जवळ आलं. मी पाण्याकडे पाहिलं. हिरवट, डिझेलची चकाकी असलेलं, साधं पाणी. "चार!" मी ओरडले. इतक्या मोठ्याने मी शाळेच्या स्नेहसंमेलनातही ओरडले नव्हते. कोंबडी फडफडली, काकांनी टाळ्या वाजवल्या आणि तांडेलाने हात जोडले. "आता तरी उतर गो माझे आये!"

उतरले. हसू आवरत नव्हतं. शाळा बंद होती. खिडकीच्या गजांतून रिकामे बाक पाहिले आणि परत फिरले.

येताना भीतीचे तीन गुण होते. शून्य नव्हते. कदाचित कधीच होणार नाहीत. पण तीन गुणांची भीती घेऊन माणूस भाकरी खाऊ शकतो, हे आता मला ठाऊक झालं आहे.

सोमवारी कोपऱ्यावरच्या दुकानातून मुख्याध्यापिकांना फोन करून होकार दिला. त्या म्हणाल्या, "एक अडचण आहे हं. पावसाळ्यात होडी अधूनमधून बंद असते. मालाडवरून यावं लागेल."

होडी चुकणार याचं मला इतकं वाईट वाटलं की फोनवरच स्वतःचं हसू आलं.